अंग उलतं ते थंडीनं कमी, आंघोळीनं जास्त

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "सासूबाई 70 वर्षांच्या. दिवाळी झाल्यापासून रात्रभर नडग्या खाजवतात, कधी कधी रक्त येईपर्यंत. माझ्या टाचा इतक्या फुटल्यात की सकाळी उठल्यावर पाय टेकवत नाही. 6 वर्षांच्या मुलाच्या गालावर पांढरट चट्टे आलेत. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, ती लावली की चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच. घरी बोअरचं पाणी आहे. महागाची क्रीम घ्यावी की आपलं तेलच बरं?"

ताई, एका घरातल्या तीन माणसांच्या या तीन तक्रारी, पण मूळ बहुतेक एकच आहे. तेलाचं आणि क्रीमचं सांगतेच. त्याआधी तुमच्या न्हाणीघरापासून सुरुवात करू, कारण सोलापुरात हिवाळ्यातली त्वचा तिथंच बिघडते आणि सुधारतेही तिथंच.

आपल्याकडे थंडी ती केवढी! पहाटे 14-15 अंश, दुपारी पुन्हा 30. एवढ्या थंडीनं कातडी फाटत नाही. फाटते ती कोरड्या हवेनं. पहाटे 15 अंशांना हवेत 60 टक्के आर्द्रता आहे असं समजा. तीच हवा, तेवढीच वाफ घेऊन, दुपारी 30 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 24 टक्क्यांच्या आसपास येते. तापलेल्या हवेला जास्त वाफ लागते आणि ती मिळेल तिथून ओढून घेते: वाळत घातलेल्या कपड्यांतून, कुंडीतल्या मातीतून, आपल्या अंगातून. म्हणून आपल्याकडे चादर दोन तासांत वाळते, आणि म्हणूनच ओठही उलतात. माझे कितीतरी पेशंट सांगतात, "डॉक्टर, रत्नागिरीला लेकीकडे गेले की दोन दिवसांत खाज थांबते." औषध तेच, माणूस तोच, फक्त हवा दमट.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदाहून पातळ असतो. त्यात मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधे चुन्यासारखा स्निग्ध पदार्थ भरलेला असतो. सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं यांचा तो गिलावा. पाणी आत धरून ठेवायचं काम या गिलाव्याचं. वय वाढलं की तो कमी तयार होतो, तैलग्रंथीही मंदावतात आणि पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे आणखी जाणवतं. नडगीवर तर मुळातच तैलग्रंथी थोड्या. म्हणून सासूबाईंची खाज नडगीवरून सुरू झाली. पाठीवरून किंवा चेहऱ्यावरून झाली नाही. त्यांचा पाय दिवसाउजेडी, खिडकीपाशी नीट बघा. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं हटतं तेव्हा काठच्या गाळाला जशा भेगा पडतात, तशी बारीक जाळी नडगीवर दिसते का? भेगांच्या कडा लालसर आहेत का? असतील तर तो कोरडेपणातून झालेला एक्झिमा आहे. म्हातारपणात फार नेहमीचा, आणि बरा होणारा.

आता हा गिलावा धुऊन कोण नेतं? कडक पाणी आणि साबण. थंडी पडली की बंब पेटतो, गिझर लागतो, नाहीतर सोलरचं चटके बसणारं पाणी येतं, आणि आपण एरवीपेक्षा जास्त वेळ, जास्त गरम पाणी अंगावर घेत बसतो. म्हाताऱ्या माणसांना तर खाजेवर कडक पाणी ओतलं की फार बरं वाटतं. त्या क्षणी खाज थांबते, हे खरं. पण अर्ध्या तासात ती दुप्पट होऊन येते, कारण उरलासुरला गिलावाही गेलेला असतो.

बोअरच्या पाण्याचं वेगळं सांगायला हवं. जड पाण्याची घरगुती परीक्षा तुम्हाला माहीत असेल. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीला आतून पांढरं कडं बसतं. या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. तो अंगावर बसतो. फेस येत नाही म्हणून आपण साबण आणखी घासतो, आणि साका वाढतो. त्यात साबण मुळात अल्कधर्मी, त्याचा सामू (म्हणजे पीएच) 9 ते 10. त्वचेचा मात्र 5 च्या आसपास. साबण लावल्यावर त्वचेला तिच्या मूळ आंबटपणावर यायला काही तास लागतात. दुकानदार म्हणतो, "टीएफएम 76 आहे, पहिल्या दर्जाचा साबण आहे." टीएफएम म्हणजे साबणातल्या स्निग्धांशाचं प्रमाण. दर्जा पहिला असेल, पण तो साबणच. त्याचा सामू काही त्यानं खाली येत नाही.

सुरुवातीच्या वर्षांतली माझीच एक चूक सांगते. एक निवृत्त यंत्रमाग कामगार आजोबा तीन वेळा माझ्याकडे आले. अंगभर खाज, झोप नाही. तिन्ही वेळा मी मलम बदललं, गोळी बदलली. आंघोळीचं एकदाही विचारलं नाही. चौथ्या वेळी त्यांची सून सोबत आली आणि सहज म्हणाली, "बाबा दोन वेळा आंघोळ करतात, कडक पाण्यानं, त्यात जंतुनाशकाचं एक झाकण टाकून. आयुष्यभर रुईच्या धुळीत काम केलंय ना, त्यांना अंग स्वच्छ झालंय असं वाटतच नाही." जंतुनाशक बंद केलं, दुसरी आंघोळ बंद केली, साबण काखेपुरता ठेवला आणि ओल्या अंगावर खोबरेल सांगितलं. दहा दिवसांनी आजोबा आले तेव्हा हातांवरचे ओरखडे सुकले होते. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न आंघोळीचाच असतो.

तेव्हा सासूबाईंसाठी असं करा. दिवसातून एकच आंघोळ, पाच ते दहा मिनिटांत आटपणारी. पाणी कोमट, म्हणजे कोपर बुडवल्यावर गरम न वाटणारं, तान्ह्या बाळाला घालतो तसं. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलं. हातापायांना, पाठीला, पोटाला रोज साबण लागत नाही, तिथं नुसतं पाणी पुरे. साबणाशिवाय त्यांना चैन पडणार नसेल तर मेडिकलमध्ये 'सिंडेट बार' मागा. दिसायला साबणासारखाच, पण त्याचा सामू त्वचेला जवळचा असतो आणि जड पाण्यात त्याचा साका होत नाही. घासणी, दगड, खरखरीत हातमोजा हे सगळं मार्चपर्यंत बाजूला. आणि नळाचं पाणी आलेल्या दिवशी दोन-तीन कळशा आंघोळीसाठी राखून ठेवा. आपल्याकडे नळ रोज येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून सगळी आंघोळ त्याच पाण्यानं करा असं म्हणत नाही. पण शेवटचे दोन-तीन तांबे बोअरपेक्षा मऊ पाण्याचे घेतले तर साका बराच निघून जातो.

नंतर टॉवेल. सोलापूरच्या टॉवेलचा आपल्याला अभिमान आहे, पण त्यानं अंग रगडायचं नाही, टिपायचं. नवा टॉवेल दोन-तीनदा धुऊन त्याची खळ घालवा, मगच वापरायला काढा. अंग अर्धवट ओलं असतानाच, न्हाणीतून बाहेर पडल्यापासून तीन मिनिटांच्या आत, वर तेल किंवा क्रीम चढलं पाहिजे. या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त भर देते. तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेलं पाणी आत कोंडून ठेवतं. पातेल्यावर झाकण ठेवायचं तर आत पाणी असताना ठेवायला हवं ना? कोरड्या ठणठणीत नडगीवर रात्री तेल चोळलं तर कोरडेपणावरच झाकण बसतं. लोक म्हणतात, "तेलानं काही फरक पडला नाही." बहुतेकांचा तेल लावायचा वेळ चुकलेला असतो.

आता तेल की क्रीम. खोबरेल चांगलं, सूर्यफुलाचं चांगलं, आणि आपल्या भागातलं करडईचंही चांगलं. करडईच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे 70 टक्के किंवा त्याहून जास्त असतं, आणि त्वचेला आपलं सिरॅमाइड बनवायला हेच आम्ल लागतं. उलट ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल जास्त, ते गिलावा सैल करतं. मोहरीचं तेल कोरड्या अंगाला झोंबतं. महागाची ऑलिव्हची बाटली आणून नातवंडांना मालिश करणारी आजी भेटली की मला वाईट वाटतं, कारण चांगलं तेल घरात डब्यात भरलेलं असतं. शेंगतेलाबाबत एक सावधगिरी: बाळाची त्वचा एक्झिमानं फुटलेली असेल तर ते अंगाला लावू नका. फुटलेल्या त्वचेतून शेंगदाण्याची ॲलर्जी जडू शकते.

तेलाच्या मालिशीची आपल्याला सवय आहे, फक्त आपण ती आंघोळीआधी करतो. आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत 13 जानेवारीला यण्णीमज्जन असतं. नंदीध्वज शहरातल्या 68 लिंगांना जातात आणि तैलाभिषेक होतो. यण्णी म्हणजे कानडीत तेल. ऐन कोरड्या दिवसांत येणारा हा तेलाच्या स्नानाचा विधी मला फार आवडतो. आंघोळीआधीचं तेलही वाया जात नाही, ते साबणाचा मारा थोडा झेलतं. पण त्यावर उटणं आणि साबण घासून ते पुरतं काढून टाकलं तर हाती काय राहिलं? म्हणून हौसेनं आधीही लावा, नंतर मात्र लावाच.

क्रीमची गोष्ट अशी की सगळ्यात गुणी वस्तू सगळ्यात स्वस्त आहे: साधी, वास नसलेली पेट्रोलियम जेली. पाणी अडवण्यात तिच्याइतकं दुसरं काही नाही. चिकटपणा नको असेल तर व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन असलेली क्रीम घ्या. ग्लिसरीन नुसतं लावू नका. कोरड्या हवेत ते त्वचेच्या खालच्या थरातलंच पाणी ओढतं. एक भाग ग्लिसरीन, तीन भाग पाणी करून लावा आणि वर तेल. सुगंधी लोशनवर पैसे घालवू नका, वासानंच अनेकांना खाज येते.

मापाबद्दल बोलते, कारण बहुतेक घरांत चुकतं ते तिथं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची रेघ काढली तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. एका पायाला अशा सहा रेघा, म्हणजे 3 ग्रॅम. दोन पाय, दोन हात मिळून 10 ग्रॅमच्या आसपास. दिवसातून दोनदा म्हणजे 20 ग्रॅम. या हिशोबानं 100 ग्रॅमची बाटली पाच दिवसांत संपायला हवी. "डॉक्टर, तुम्ही दिलेली क्रीम दोन महिने पुरली," असं कोणी सांगितलं की मला कळतं, ती लावलीच गेली नाही. म्हणूनच महागाची बाटली घेऊन पुरवून पुरवून लावण्यापेक्षा अर्धा किलो खोबरेल घ्या आणि मोकळ्या हातानं लावा.

तेल लावलेल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. तळपायाला लावलं की लगेच सुती मोजे घाला. ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर खाज परवडली म्हणायची वेळ येते. आणि शेकोटीपासून, चुलीपासून, पेटत्या विडीपासून लांब ठेवा. तेल आणि पॅराफिन मुरलेलं लुगडं, धोतर, चादर साध्या कपड्यापेक्षा झटकन पेट घेते. अशी पांघरुणं वरचेवर गरम पाण्यात धुवा, तरी ती पेटणार नाहीत असं समजू नका. शेकोटीशी रोज तास-तासभर नडग्या शेकल्या तर त्यावर तपकिरी, जाळीसारखे डाग पडतात ते निराळंच. ते दिसले तर शेकणं थांबवा.

सोलापुरी चादर ऊबदार आणि सुती, त्यामुळे चांगलीच. पण खाजऱ्या अंगाला तिची वीण टोचत असेल तर आत जुन्या लुगड्याची वाकळ किंवा धुऊन मऊ झालेलं धोतर घ्या. लोकरी स्वेटरच्या आत सुती पोलकं हवंच.

तुमच्या टाचांकडे येते. टाचेची कातडी जाड, तिला तैलग्रंथीच नाहीत, आणि आपण घरात फरशीवर अनवाणी, बाहेर मागून उघड्या चपला. वजन पडलं की वाळलेली जाड कातडी कडेनं फाकते. रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा, मग वज्रीनं हलक्या हातानं वरवरची मेलेली कातडी काढा, तीही आठवड्यातून दोनदाच. ब्लेडनं कधीच नाही. पाय टिपून 20 ते 25 टक्के युरिया असलेली क्रीम लावा, वर पेट्रोलियम जेली, वर सुती मोजे. भेगेतून रक्त येत असेल तर युरिया झोंबतो, तेव्हा आधी चार-पाच दिवस नुसती जेली किंवा वितळवलेलं कोकमतेल भेगेत भरा. कोकमतेल आपल्या आज्यांचं औषध, आणि भेग भरून ठेवण्याचं काम ते नीट करतं. घरात, ओट्यापाशी उभं राहतानाही, मागून बंद असलेली मऊ चप्पल घाला. दोन आठवड्यांत फरक दिसायला हवा. तुम्हाला मधुमेह असेल तर हे काहीच घरी करू नका. पाण्यात भिजवणं नको, वज्री नको. पाय डॉक्टरांना दाखवा, कारण त्या भेगेतून गेलेला जंतू पायावर बेततो.

विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांनाही याच दिवसांत चिरा पडतात. पानाची कड, तंबाखूची धूळ आणि कोरडी हवा, तिन्ही एकदम. काम संपल्यावर हात धुऊन लगेच जेली, रात्री झोपताना पुन्हा. डाइंगमध्ये ब्लीच आणि रंगांत हात घालणाऱ्यांनी आत सुती आणि वर रबरी हातमोजे घातल्याशिवाय कुठलंही मलम टिकणार नाही.

मुलाच्या गालावरचे चट्टे. पुसट कडा, फिकट पांढरे, हात फिरवला तर किंचित खरखरीत, असे असतील तर ते कोरडेपणाचेच. लोक जंत म्हणतात, कॅल्शियम कमी म्हणतात, आणि मनात सगळे कोडाला घाबरतात. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, कड रेखीव आणि पृष्ठभाग गुळगुळीत असतो. याला दिवसातून दोनदा साधं मॉइश्चरायझर आणि दुपारच्या उन्हात टोपी पुरे. हिवाळा असला तरी सोलापुरात डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 49 अंश वर असतो, म्हणजे ऊन चांगलंच लागतं. भोवतालची त्वचा रापली की चट्टा जास्त उठून दिसतो. रंग भरायला काही महिने लागतात, धीर धरा. तुम्हाला स्वतःला वांग असेल तर गच्चीवर ऊन खाताना चेहरा सावलीत ठेवा आणि एसपीएफ 30 चं सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढं लावा.

ओठ उलले तर जिभेनं ओले करू नका, तूप किंवा जेली लावा. भरपूर पाणी प्या, तीळ, जवस, शेंगा, हुरडा खा, ते सगळं अंगाला चांगलंच. पण प्यायलेलं पाणी नडगीच्या त्या वरच्या थराला पोचून तिथं थांबेल या भरवशावर तेल सोडू नका.

आता त्या ट्यूबबद्दल, आणि हे कळकळीनं सांगते. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण चार दिवस बरं आणि परत तेच, यावरून तीत स्टेरॉइड असावं. डबीवर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलं आहे का बघा. बहुतेकदा सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषधही असतं, म्हणजे दुकानदारानं अंदाजे तीन बाण मारलेले असतात. सासूबाईंच्या पातळ कातडीवर ते महिनोन्महिने लावलं तर त्वचा कागदासारखी होते, नुसत्या बांगडीच्या धक्क्यानं काळंनिळं पडतं. मुलाच्या चेहऱ्याला तर ते आज, आत्ता थांबवा. जास्त दिवस लावलं असेल आणि थांबवल्यावर चेहरा लाल झाला तर दाखवायला आणा, पुन्हा तीच ट्यूब लावू नका. स्टेरॉइड वाईट नसतं. सासूबाईंच्या नडग्यांवरच्या एक्झिमाला मीच कदाचित आठ-दहा दिवस सौम्य स्टेरॉइड देईन, पण किती, कुठं, कधी बंद करायचं हे ठरवून. खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्याही त्यांना मनानं देऊ नका. कोरडेपणाच्या खाजेवर त्यांचा उपयोग थोडा, आणि रात्री उठताना तोल जाऊन पडण्याची भीती जास्त.

सगळीच खाज हवेची नसते, हे विसरू नका. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ आहे आणि घरातल्या दुसऱ्या कोणालाही खाजतं आहे, तर ती खरूज समजा. एकाच पांघरुणात झोपण्याच्या दिवसांत ती झपाट्यानं पसरते. त्यावर तेलाचा उपयोग नाही. डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री परमेथ्रिन 5 टक्के मानेपासून पायापर्यंत लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्यानं पुन्हा. कपडे-पांघरुणं गरम पाण्यात. कोरडा, फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं कापसाचा स्पर्श कळत नसेल तर लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोगाची तपासणी आणि पूर्ण औषधं तिथं मोफत मिळतात. आणि वर सांगितलेलं सगळं दोन-तीन आठवडे मनापासून करूनही सासूबाईंची खाज हटली नाही तर साखर, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांची रक्ततपासणी करून घ्या.

सिव्हिलच्या ओपीडीत जा किंवा कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे. जाताना घरातली प्रत्येक ट्यूब, तेलाची बाटली आणि साबणाचं वेष्टन पिशवीत घालून न्या, आणि सासूबाईंना त्या दिवशी नडग्यांना काही न लावता न्या.